न शोधायची फाईल

फांग पाओ-रोंग सरांच्या शिट्टीला आमच्या गावातली कुत्रीसुद्धा थांबत. मूळचे ते कवायतीचे शिक्षक. पुढे शिस्तप्रमुख झाले, म्हणजे सकाळी शाळेच्या फाटकात उभं राहून पायमोजे बघायचे, बाहेर आलेले सदरे आत खोचायला लावायचे आणि ताकिदी वाटायच्या. तीन ताकिदींचा एक लहान ठपका, तीन लहानांचा एक मोठा, आणि तीन मोठे झाले की मुलाच्या बापाला दुसरी शाळा शोधावी लागते. अर्थात ठपका धुऊन काढायची सोयही आहे. सकाळी सातला येऊन आवार झाडायचं, सरांची सही घ्यायची. पुरेसं झाडलं की ठपका पुसला जातो. आमच्या शाळेचं आवार साऱ्या पंचक्रोशीत स्वच्छ म्हणून नावाजलेलं आहे. लोक त्याचं श्रेय मुख्याध्यापकांना देतात. खरं तर ते मुलांच्या वर्तणुकीला द्यायला हवं.

सर बुटके, रुंद, मानेला कायम टॉवेल. छंद एकच, बाहुल्यांचे खेळ. हातात घालून नाचवायच्या, तलवारी परजणाऱ्या, पाच-पाच मिनिटं भाषण करून मग मरणाऱ्या बाहुल्या. आमच्या भागात हा छंद नसलेला माणूस संशयास्पद समजतात, पण सरांचं वेड त्याही पलीकडचं होतं. तीनशे-चारशे भागांच्या मालिका त्यांना तोंडपाठ. एखाद्या पोराला ताकीद देतानाही त्यांचा आवाज आपोआप बाहुलीसारखा चढायचा आणि शेवटच्या शब्दावर हात आडवा फिरायचा.

त्यांची दुसरी खोड घरभेटींची. नियमाप्रमाणे घरभेटी वर्गशिक्षकांनी करायच्या. आम्ही वर्गशिक्षक फोन करायचो आणि त्याला भेट म्हणायचो. फांग सर मात्र स्कूटरवरून एकेका मुलाच्या घरी जात. वर्षाला सहाशे त्र्याऐंशी घरं, लसणाच्या हंगामात धूळ आणि दर्प खात. परत आल्यावर ते दोन नोंदी करत. एक वरच्या कचेरीला पाठवायची. तिच्यात सहाशे त्र्याऐंशी वेळा ‘घरातील वातावरण सलोख्याचे’ असं लिहिलेलं असे. दुसरी स्वतःसाठी. ती घरच्या संगणकावर, आणि तिचं नाव ‘घरभेटी-खऱ्या-शेवटच्या-३’. ‘शेवटच्या’ आणि ‘शेवटच्या-२’ आधी होऊन गेल्या होत्या. प्रत्येक नोंदीसोबत त्या घराच्या दाराचा फोटो. फोटो लहान करता येतो हे सरांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती फाईल एखाद्या सिनेमाएवढी जड झाली होती.

ही गोष्ट २००७ सालची. तैवानातली सगळी पोरं तेव्हा एका फुकट प्रोग्रॅमवरून गाणी, सिनेमे, कोरियन मालिका एकमेकांच्या संगणकांवरून उतरवून घेत होती. वरच्या कचेरीतून पत्रक आलं: या देवघेवीचे धोके विद्यार्थ्यांना समजावून सांगावेत, आधी पाहणी करावी, कार्यक्रमाचे फोटो पाठवावेत. पाहणीची प्रश्नावली सरांनी स्वतः तयार केली. ‘तू इंटरनेटवर फाईलींची देवघेव करतोस का? उत्तर गुप्त राहील. वर नाव, वर्ग व हजेरी क्रमांक लिहावा.’ सहाशे त्र्याऐंशी मुलांनी ‘नाही’ लिहिलं. सरांनी ते समाधानानं वर कळवलं. मग ज्या मुलांना ही गोष्ट ठाऊकच नाही, त्यांना तिचे धोके सांगायला ते व्यासपीठावर उभे राहिले.

व्यासपीठावर पंधरवड्याच्या सद्गुणाचा फलक टांगलेला होता. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी एक सद्गुण असतो. त्या वेळी नेमका ‘आपल्याजवळचे इतरांना द्यावे’ हा होता. सर त्याच्या बरोबर खाली उभे राहून देऊ नये असं सांगत होते. फाईल म्हणजे चोरीचा माल, हा त्यांचा मुद्दा. तुमच्या शेतातला लसूण कोणी उपटून नेला तर काय वाटेल, असं त्यांनी विचारलं. माझ्या वर्गातला दिंग चुन-यी उभा राहिला. त्याच्या नावावर तेव्हा दोन लहान ठपके होते.

“सर, नेल्यावरसुद्धा शेतात तेवढाच लसूण राहत असेल, तर नेऊ दे की.”

त्याला एक ताकीद मिळाली.

मी आठवीच्या चौथ्या तुकडीची वर्गशिक्षिका, आणि भाषा शिकवते. सद्गुणाचा पंधरवडा म्हणून मी निबंधाला तोच विषय दिला, आणि हजेरी क्रमांक लिहू नका म्हटलं. त्यामुळे मला पाहणीत नसलेलं बरंच कळलं. मुलांचा एक कडक कायदा होता. जो नुसता उतरवून घेतो आणि आपलं काम झालं की प्रोग्रॅम बंद करतो, तो जळू. जळवेशी कोणी बोलत नाही. धोक्यांची यादीही त्यांच्याकडे तयार होती. पहिला धोका विषाणू, दुसरा बाप, तिसरा आणि सगळ्यांत मोठा, सिनेमा म्हणून तीन तास उतरवावं आणि आत भलतंच काही निघावं. खोट्या नावाच्या फाईली म्हणजे त्यांची रोजची ठेच. पोलिसांचा उल्लेख एकाच निबंधात होता: तैपेईचे पोलीस एका गाण्यासाठी इतक्या लांब येणार नाहीत, आले तर आजी त्यांना जेवायला बसवेल.

एका निबंधातलं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. ‘फाईल दिली तरी आपल्याकडची जात नाही, म्हणून मोठ्या माणसांना वाटतं की काहीच गेलं नाही.’ हजेरी क्रमांक नव्हता, पण अक्षर लियाओ पेइ-शानचं होतं. ही मुलगी वर्गात फारसं बोलत नसे. तिची आई व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. ती ताय्चुंग शहरात नखं रंगवायच्या दुकानात कामाला गेली आहे आणि सुट्टीला येते, असं पेइ-शान सांगत असे. दुकानाचा रंग, खुर्च्या किती, मालकीणबाईचं मांजर, सगळं सांगत असे. सुट्ट्या आल्या आणि गेल्या.

ज्या दिवशी सरांनी भाषण केलं त्याच संध्याकाळी त्यांनी घरी बाहुल्यांचा तीनशे अकरावा भाग उतरवून घेतला. यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. बाहुल्या म्हणजे संस्कृती, आणि आपलीच संस्कृती चोरता कशी येईल? प्रोग्रॅम बसवताना त्यानं विचारलं होतं, की तुम्ही आमच्याकडून घेणार, तर बदल्यात आम्हाला काय द्याल? पहिलाच पर्याय होता ‘सर्व’. सर जुन्या वळणाचे. यजमानानं विचारल्यावर हात आखडता घेणं त्यांना जमलं नाही. अशा रीतीनं फांग सर आमच्या गावातले सर्वांत उदार गृहस्थ झाले, आणि जळू मुळीच नव्हते.

सहामाही जवळ आली की पोरं त्या प्रोग्रॅमवर आपल्याच शाळेचं नाव टाकून शोधतात. न जाणो, एखाद्या शिक्षकाची प्रश्नपत्रिका हाती लागायची. शिक्षकांवर इतका विश्वास दुसरं कोणी ठेवत नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत दिंग माझ्या टेबलापाशी आला आणि टेबलाकडे बघत म्हणाला, की फांग सरांच्या घरभेटी सगळ्यांना दिसतायत. त्याच्याकडे पूर्ण उतरलीय, आणखी दोघांकडे. चौथं एक नाव आहे, ते कोण हे कोणाला माहीत नाही.

“वाचलीस?”

“माझंच पान वाचलं, बाई. सगळे आधी आपलंच पान वाचतात.”

हे खरं होतं, आणि त्यातच थोडा वेळ होता. स्वतःचं वाचून झालं की माणूस शेजाऱ्याचं उघडतो.

मी धावत फांग सरांकडे गेले. ऐकून ते मानेवरच्या टॉवेलानं तोंड पुसत बसले. मग स्कूटर काढून घरी गेले, फाईल पुसली, प्रोग्रॅम पुसला, सगळे तीनशे अकरा भागही पुसले, आणि अर्ध्या तासात परत येऊन म्हणाले, “झालं. गेली.” निबंधातलं ते वाक्य मला आठवलं.

तरीही खबरदारी म्हणून सरांनी एक सूचना लिहिली. आमच्याकडे प्रत्येक मुलाची निरोपवही असते. फळ्यावरची सूचना मुलांनी वहीत उतरवायची, घरी दाखवायची, आई-बापानं सही करायची, सकाळी वर्गशिक्षकानं तपासायची. यातून सुटका नाही. आमच्या गावात लग्नाच्या नोंदी चुकतील, निरोपवही चुकत नाही. सरांची सूचना अशी होती: ‘घरभेटी-खऱ्या-शेवटच्या-३ या नावाची फाईल इंटरनेटवर आढळल्यास ती शोधू नये, उतरवू नये व उघडू नये.’

आढळल्यावर शोधायचं कसं हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी फक्त दोन स्वल्पविराम सुधारले आणि कागद परत दिला.

बुधवारी सकाळी झेंड्यापुढे सरांनी ते नाव दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा सावकाश, मधल्या रेघांसकट. मग सतरा वर्गांच्या फळ्यांवर ते लिहिलं गेलं. सहाशे त्र्याऐंशी मुलांनी ते शुद्ध अक्षरात उतरवून घेतलं. संध्याकाळी सहाशे त्र्याऐंशी घरांत ते वाचून त्यावर सह्या झाल्या. काही आई-बापांनी मुलांना विचारलं, हे कसं शोधायचं असतं, दाखव बघू.

गुरुवारी दुपारी शाळा वामकुक्षीत होती. जेवणानंतर आमच्याकडे सगळ्या मुलांनी बाकावर डोकं टेकून अर्धा तास झोपायचं असतं. झोप आली नाही तर डोळे मिटून शिस्त पाळायची. मी फांग सरांच्या खोलीत होते. दारात पेइ-शान उभी राहिली. डोकं दुखतंय म्हणून परिचारिकाबाईंकडे जायची परवानगी तिनं काढली होती, आणि आली इकडे.

तिच्या पानावर काय आहे ते सरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ‘आई फेब्रुवारीपासून बेपत्ता. वडील विचारल्यावर लसूण निवडत राहिले. मुलगी म्हणते, आई ताय्चुंगला आहे. मी मान डोलावली.’ एवढंच. आणि दाराचा फोटो, त्यात कोपऱ्यात बायकांच्या चपलांचा एक जोड नीट मांडून ठेवलेला.

“सर, तुम्ही पुसलीत, ती तुमच्याकडची,” पेइ-शान म्हणाली.

“मग? बाकीच्यांकडची?”

“ती त्यांनी पुसायची. तुम्ही वहीत लिहून दिलंत ना, शोधू नका म्हणून. परवा चौघांकडे होती. आत्ता चाळीस जण उतरवतायत.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“पूर्ण झाली कोणाची?” सरांनी विचारलं.

“नाही अजून. तुमचे फोटो फार जड आहेत. रविवारपर्यंत होईल.” आणि मग, टेबलावरच्या शिट्टीकडे बघत, “मी माझं पान दिंगकडे बघितलं. तो तोंड फिरवून उभा राहिला होता.”

सरांनी शिट्टी उचलली, परत ठेवली. चाळीस वर्षं दुसऱ्याला माफी मागायला लावलेल्या माणसाला स्वतः ती मागायची कशी ते पटकन आठवत नसावं. शेवटी ते तिला म्हणाले, की तू मला काय शिक्षा करायची ती कर.

“शिक्षा नको. तुमचा कोरा तक्ता द्या. ज्याच्यात लिहिता तो. आणि शुक्रवारी वामकुक्षीच्या वेळी संगणकाच्या खोलीची किल्ली.”

“कशाला?”

“सर, तुम्हाला नाही कळणार. बाहुल्यांचा भाग म्हणून उतरवता आणि आत साबणाची जाहिरात निघते, तसं कधी झालं का?”

सरांचा चेहरा पडला. बाहुल्यांचं तिला कसं कळलं हे त्यांनी विचारलं.

“तुमचं सगळंच दिसत होतं, सर. दोनशे चौसष्टावा भाग दोनदा उतरवलाय.”

किल्ली मी दिली. शुक्रवारी वामकुक्षीच्या अर्ध्या तासात माझ्या वर्गातली एकोणचाळीस मुलं डोळे मिटून शिस्त पाळत नव्हती; ती कुठे होती हे मी पाहिलं नाही. आधी दिंगनं आणि त्या दोघांनी आपल्याकडच्या प्रती पुसल्या. दिंगनं स्वतःचं पान मात्र छापून ठेवलं होतं. त्यात सरांनी लिहिलं होतं, ‘वाईट नाही. कंटाळलेला आहे.’ असं शिफारसपत्र परत मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग सगळ्यांनी मिळून सरांच्या तक्त्यात नवी फाईल भरली, तिला तेच नाव दिलं, रेघांसकट, आणि घरोघरी जाऊन तिचं दान सुरू केलं. फोटो नव्हते, त्यामुळे ती चार सेकंदांत उतरायची. पोरं घाईची. चार सेकंदांत मिळाल्यावर तीन दिवसांची कोण बघत बसतो? शनिवारी यादीत सर्वांत वर हीच फाईल होती, आणि खालच्या जड फाईलीला पोरं खोटी म्हणायला लागली होती.

चौथी प्रत कोणाकडे आहे ते मात्र अजूनही कोणाला माहीत नाही. ती पुसता येणार नाही हे पेइ-शान जाणून होती. म्हणूनच तिनं नव्या फाईलीत काय भरायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

ते मला आणि फांग सरांना दोन आठवड्यांनी कळलं. कोण्या पालकानं निरोपवहीवर सही करून झाल्यावर वरच्या कचेरीत फोनही केला. तिथून एक अधिकारी आले. इस्त्रीचा सदरा, हातात छापील कागदांचा गठ्ठा. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आला, तो त्यांनी बाजूला सरकवला. पूर्ण फाईल आपण स्वतः उतरवून घेतली असून ती खरी असल्याची खात्री केली आहे, असं त्यांनी सांगितलं. खात्री कशी केली ते सांगितलं नाही; बहुधा नाव जुळलं.

मग ते वाचू लागले. सातवीची पहिली तुकडी, हजेरी क्रमांक एक: ‘आई फेब्रुवारीपासून बेपत्ता. मुलगा म्हणतो, आई ताय्चुंगला आहे. मी मान डोलावली.’ क्रमांक दोन: ‘आई फेब्रुवारीपासून बेपत्ता. मुलगी म्हणते, आई ताय्चुंगला आहे. मी मान डोलावली.’ क्रमांक तीन, चार, पाच. मुख्याध्यापकांचा मुलगा सातवीच्या दुसऱ्या तुकडीत होता; त्याचीही आई ताय्चुंगला होती. मुख्याध्यापक दचकून दाराकडे बघायला लागले. त्यांची बायको बाहेर ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालत होती.

अधिकारी गंभीर होते. एका महिन्यात एका गावातून सुमारे सहाशे स्त्रिया निघून जातात, आणि आमच्याकडे आलेल्या अहवालात मात्र सगळीकडे सलोखा, हे कसं? हा सामाजिक प्रश्न आहे, यावर खास व्याख्यानमाला घ्यावी लागेल, असंही त्यांनी सुचवलं. मग कागद खाली ठेवून त्यांनी सरळ विचारलं, की ही नोंद फांग सरांची आहे का. नसेल तर खरी कुठे आहे, ती हजर करा.

खोलीत एवढाच प्रश्न उरला होता. ‘ही खोटी आहे’ असं सरांनी म्हटलं, की खरी टेबलावर यायची. मग तिची छाननी, चौकशी, पेइ-शानला बोलावणं, तिच्या बापाला लसणातून उठवून आणणं. तिनं सहाशे ब्याऐंशी आयांना ताय्चुंगला पाठवलं होतं, ते एका आईला गर्दीत उभं करण्यासाठी.

“माझीच आहे,” फांग सर म्हणाले.

“सगळी?”

“सगळी.”

“म्हणजे तुम्ही सहाशे त्र्याऐंशी घरी गेलात, सहाशे त्र्याऐंशी मुलांनी तुम्हाला हे एकच सांगितलं, आणि तुम्ही सहाशे त्र्याऐंशी वेळा नुसती मान डोलावलीत?”

फांग सरांनी मान डोलावली.

महिनाअखेर निकाल आला. बेजबाबदार नोंदी आणि बेकायदा प्रोग्रॅमचा वापर, याबद्दल फांग पाओ-रोंग यांच्यावर एक ठपका. मुलांच्या ठपक्यांचे कागद जिथे लागतात त्याच्या शेजारच्या फळ्यावर तो लागला. व्याख्यानमालाही झाली, ‘आईचे घरातील स्थान’ या विषयावर, आणि ऐकायला गावातल्या झाडून सगळ्या आया आल्या होत्या. एक नव्हती. पण तेवढ्या गर्दीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी सातला मी शाळेत आले तर वडाखाली नेहमीची ठपकेवाली पोरं झाडत होती आणि त्यांच्यात मानेला टॉवेल लावलेले फांग सर होते. शिक्षकांचा ठपका झाडून जात नाही, नियमात तशी सोय नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते खराटा तलवारीसारखा धरून मोठाले हात मारत होते, आणि त्यातला निम्मा पाला परत मागे उडत होता.

पेइ-शान फाटकातून आली. तिच्या नावावर ताकीदसुद्धा नव्हती. ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून थोडा वेळ बघत राहिली.

“सर, कोपरे राहिले,” ती म्हणाली, आणि वर्गात गेली.

सर मागे वळले आणि कोपऱ्यापासून पुन्हा झाडायला लागले.